बंद यंत्रावरची बोटं

ती. दादास,
रागातच, पण नमस्कार.

सिंथेसायझर, त्याची लाकडी पेटी, आतलं सर्किट, ॲम्प्लिफायर आणि आमच्या बँडमधल्या ड्रमवाल्याचे पॅड, सगळं मी माझ्या हातांनी बनवलंय. शिकवायला कुणी नव्हतं. चारचौघांत माझी थट्टा करतोस, तेव्हा एवढंही सांगत जा.

'पन्नाशीचा माणूस पोरांसारखा बँड काढून नाचतो,' असं वहिनी म्हणाल्या म्हणे. त्यांचं नाव पुढे करू नकोस, हे बोल तुझेच आहेत. आम्ही नाचत नाही. सोळा वर्षं आमची गाणी आम्हीच रेकॉर्ड करतो, आम्हीच विकतो.

कार्यक्रमात हॉल तापला की माझ्या सिंथेसायझरचे सूर उतरतात. म्हणून दर गाण्याआधी मी ते नव्याने लावतो. परवा आमची गायिका म्हणाली, "उरकतं घ्या, लोक घरी जाऊन जेवून येतील." पण लोक थांबले. हल्ली थोडे कमी असतात, इतकंच.

आईचा गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवतो म्हणून सांग. खोकल्याचं सांगू नकोस.

आता मुद्दा. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाला तू माझा पत्ता दिलास. दारात येऊन तो म्हणाला, "तुम्ही तयार आहात, असं तुमचे भाऊ म्हणाले." पुन्हा माझ्या वतीने तयार होऊ नकोस. त्याचा बेत असा: कार्यक्रमात गाणी कॉम्प्युटरवरून वाजणार आणि मी बंद यंत्राच्या पट्ट्यांवर नुसती बोटं फिरवायची, त्याचे वर्षाला बारा लाख. मी नाही म्हटलं.

तुझा धाकटा