हळदीला नाही म्हणताना

आई, आज कुरवंड्याहून मावशी आली, आणि तिच्याशी बोलता बोलता मला तुझ्याशीच भांडावंसं वाटलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे भांडण शिल्लक आहे. तुझ्या छातीत झाली तशीच गाठ मलाही झाली. ऑपरेशन उरकलं, आता रोज पुण्याला जाऊन शेक घेते, रेडिएशनचा. तूही घ्यायचीस आणि मधेच सोडलास. मी सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मळवलीच्या बंगल्यातलं ते स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. तू तिथे पाहुण्यांचं रांधायचीस. डावा हात अंगापासून लांब धरून तू उजव्या हाताने भाकरी थापते आहेस, काखेखालची कातडी लाल होऊन सोलवटली आहे, आणि मी "बस जरा" म्हटलं की डाफरतेस, "शेटची मानसं उपाशी ठिवू व्हय? तुझं शानपन तुझ्यापाशी ठेव." दुखणं अंगावर काढण्यात तुझा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याच दुपारी मावशीने तुला हळद आणि खोबरेलाचा जाड लेप दिला. भाजलं की आपल्याकडे तेच करतात. दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या बाईंनी लेप धुऊन यायला सांगितलं, कारण तिथे कातडी स्वच्छ आणि कोरडी लागते. पण हळदच ती, सहजासहजी कशी निघेल? चारचौघांत सांगितल्याची तुला लाज वाटली. तू पदराने खसाखसा घासलंस आणि हळदीबरोबर कातडीही निघून आली. परत येताना एवढंच म्हणालीस, "आता न्हाई जायची मी तितं." आणि खरंच गेली नाहीस. वर्षाच्या आत गाठ परत आली. मला तुझा राग आला होता, अजूनही येतो.

म्हणून यावेळी मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, शेकात वाईट पेशींबरोबर कातडीच्या चांगल्या पेशींनाही मार बसतो, पण चांगल्या पेशी स्वतःला पुष्कळशा सांधून घेतात. आपण फक्त त्यांच्या वाटेत यायचं नाही. मग मी हट्टालाच पेटले. अंगावर कोमट पाणी, टॉवेल घासायचा नाही, नुसता टिपायचा, सैल सुती झबल्यासारखा कुडता, उन्हात जायचं नाही, आणि शेक घेऊन आल्यावर त्यांनीच दिलेलं मलम, तेही पातळ. वराळ्याच्या कंपनीत मी माल तपासते, क्वालिटी कंट्रोलला; तिथल्या माझ्या हाताखालच्या मुली हसतात, "मॅडम, स्वतःलाच क्यूसी लावलंय का?" लावलंय!

तरी आता माझीही कातडी काळवंडली आहे, काखेत सोललीय. मावशीने ती पाहिली आणि पिशवीतून वाटी काढली. "आगं, अंग भाजून निघालंय आन तू नुसतं पानी लावती? तुझ्या आईला बी मीच लावली व्हती हळद. लय बरं वाटलं व्हतं तिला."

सगळं ओठांवर आलं होतं. पण सत्तरी ओलांडलेली बाई, तिला ते कसं सोसलं असतं? मी म्हटलं, "मावशी, डॉक्टर नको म्हणालेत. मला हा शेक पुरा करायचाय."

"मंग तिला कसं चाललं?"

"तेव्हा आपल्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं."

तिने वाटी परत पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "मंग मी काय करू? नुसतं बसून बघू?"

"उद्या माझ्याबरोबर चल. मी आत जाईन, तू बाहेर बस."

"येती," म्हणाली, आणि लगेच कुठली साडी नेसायची ते विचारायला लागली. आता ती आत वाल सोलत बसली आहे आणि मी हे लिहिते आहे.

हे तुला पोचायचं नाही, म्हणून एक कबूल करते. मावशीने वाटी पुढे केली तेव्हा हळदीचा वास आला आणि माझा हात कुडत्याच्या बटणाकडे गेला होता. वरचं बटण सोडलंही. मग परत लावलं. उद्या मी जाणार आहे, परवाही जाणार आहे. पण फार दुखतंय गं, आई.