खरी आजी असल्याचा दाखला गच्चीवर भेटण्याबाबत

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
पोलीस ठाणे, निंबाच्या झाडामागचं.

अर्जदारीण: जयवंता रामराव, वय अडुसष्ट, धंदा फुलं-भाजी, राहणार माळीपुरा, सध्या मुक्काम स्वतःच्याच घराची गच्ची.

विषय: अर्जदारीण हीच आकांक्षाची खरी आजी हाये, असा शिक्क्याचा दाखला तात्काळ भेटण्याबाबत.

संदर्भ: आपल्या शिपाई ताईनं सोमवारी शाळेत घेतलेला 'घरी एकटं असताना' हा वर्ग.

महोदय,

सविनय निवेदन करण्यात येते का,

१. सदर अर्जदारीण आज सकाळी साडेदहाले गच्चीवर कुरडया पलटवाले गेली. पोरगा देवानंद अन् सून झेंडूचे पोते घेऊन अमरावतीच्या बाजारात गेले होते. तेवढ्यात आठ वर्षांची नात आकांक्षा सकाळच्या शाळेतून घरी आली. घरात कोणी दिसलं नाई. तवा तिनं शिकवल्याप्रमाणे समोरचं दार लावलं, मागचं लावलं, अन् जिना चढून गच्चीच्या दारालेही आतून कडी घातली. अर्जदारणीनं दार वाजवलं. आतून रीतसर विचारणा झाली का कोण हाये. अर्जदारीण बोलली, "तुही आजी." त्यावर "आजीचा आवाज कोणीबी काढते" असा जवाब आला, अन् तवापासून अर्जदारीण गच्चीवर हाये. शिडी घरातच पलंगाखाली हाये.

२. वर्गाबद्दल अर्जदारणीची तक्रार नाई. ओल्या हातानं बटन दाबू नये, गॅसच्या खटक्याले हात लावू नये, हे चांगलंच शिकवलं. पण आजकाल मोबाईलवर बापाचाही आवाज खोटा काढता येते, हेही ताईनं सांगतलं. समोरचे टेलर रहमतुल्लाभाई यायनं देवानंदले फोन लावून खिडकीपाशी धरला. देवानंदनं गयावया केली. पोट्टीनं त्याले सांगतलं, "बाबा असशीन तं संध्याकाळी घरी ये, मंग पाहू." खिडकी बंद झाली. देवानंद निघाला हाये, पण गाडी भेटून घरी यायले त्याले चार वाजतीन.

३. इथं अर्जदारणीले एक गोष्ट कबूल करणं भाग हाये. सोमवारी संध्याकाळी पोट्टीनं तिले विचारलं का आजी, आवाज खरंच खोटा निघते का. शहाण्या बाईनं हो म्हणून गप बसाले पाहिजे होतं. पण अर्जदारणीच्या जिभेले हाड नाई. तिनं सांगतलं का रिद्धपूरच्या वाटेवर एक घुबड राहे, थे आजीच्या आवाजात अकरा घरची दारं उघडवे, आधी टोपल्यातल्या भाकरी खाये, मंग लेकरं. पोट्टीनं उपाय विचारला. अर्जदारणीनं उपायही दिला: घुबडाले असा प्रश्न विचाराचा, ज्याचं खरं उत्तर फक्त आजीलेच माहीत असन.

४. तो प्रश्न आज दाराआडून आला. अर्जदारणीच्या डाव्या हाताले करंगळी नाई. थे करंगळी कुठं गेली?

अर्जदारणीनं बिनधास्त सांगतलं का मेळघाटच्या वाघानं नेली. आतून आवाज आला, थे दिवाळीचं उत्तर हाये. मंग तिनं पूर्णेतली मगर सांगतली. थे माह्या वाढदिवसाचं, असं आलं. मंग तिनं शकुंतला गाडी करंगळी लावून थांबवल्याचं अन् करंगळी इंजनासंगं यवतमाळले गेल्याचं सविस्तर सांगतलं. त्यावर पोट्टी बोलली, "हे तं साऱ्या माळीपुऱ्याले माहीत हाये. घुबडालेबी असन. खरं सांग."

५. साहेब, एप्रिलचं ऊन हाये. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी चटईएवढी होती, आता पाटाएवढी उरली. नळाले चहाचं पाणी येऊन राह्यलं. कुरडया वाळल्या, अर्जदारीण वाळाच्या बेतात हाये. रहमतुल्लाभाईनं टोपलीत पेन अन् बिलबुक ठेवलं, थे अर्जदारणीनं वाळत घातलेल्या लुगड्यानं वर ओढलं. त्याच्याच कोऱ्या पाठीवर हा अर्ज चालू हाये. खालून ते बोलले, "भाभी, एक बार सच बोलके देखो ना." अर्जदारणीले राग आला. साठ वर्षांत जे कोणाले सांगतलं नाई, थे टेलरच्या सांगण्यावरून काहून सांगाव? म्हणून दाखला मागाचं ठरलं.

६. वरील मजकूर लिहून टोपली खाली सोडणारच, तेवढ्यात दारामागून मुसमुसणं ऐकू आलं. पोट्टी तिथंच पायरीवर बसली होती. जेवली नव्हती. तिले आजी पाहिजे होती, अन् दाराबाहेर घुबड उभं होतं. थे घुबड अर्जदारणीनंच तिथं आणून उभं केलतं. मंग अर्जदारणीनं हेच बिलबुक पुन्हा मांडीवर घेतलं अन् पुढचा मजकूर साहेबांसाठी नाई, दाराआडच्या पोट्टीसाठी लिहिला:

आकांक्षा, मी आठ वर्षांचीच होती. माय वावरात गेलती. गोठ्यात कडब्याची कुट्टी करायची मशीन होती. मशीनीले हात लावू नको, पातं बोट कापते, असं मायनं सांगतलं असतं तं मी लावलाच नसता. पण तिनं सांगतलं का मशीनीत बागुलबुवा बसते. मी थो बागुलबुवा पाहाले हात घातला, अन् दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. माय मंग रोज माह्या हाताकडं पाहून रडे. एक दिवस मी तिले म्हटलं का रडू नको माय, करंगळी वाघानं नेली. माय हासली. तवापासून मी वाघच सांगून राह्यली.

७. सदर पान फाडून दाराखालून आत सरकवण्यात आलं. आतून एकेक अक्षर लावून वाचल्याचं ऐकू आलं. मंग आतून हुकूम झाला का हात दाखव. अर्जदारणीनं डावा हात फटीपाशी जमिनीवर ठेवला. फरशी तव्यासारखी होती, तरी काढला नाई. आतून एक बोट आलं, करंगळीच्या थोट्यावरून फिरलं, अन् कडी निघाली.

८. तरी विनंती का, दाखल्याची मागणी रद्द समजाव, पण अर्ज फाइलीत ठेवावा. पुढच्या वर्गाले शिपाई ताईसंगं अर्जदारणीलेही बोलवाव. ती लेकरायले मशीन मशीन म्हणूनच सांगन अन् हात दाखवन. घुबड घरी ठेवून येईन.

आपली नम्र, अर्धी भाजलेली,
जयवंता रामराव
दि. २२ एप्रिल, दुपारचे दोन, मुक्काम आता स्वयंपाकघर

सोबत: १) दाराखालून गेलेलं पान, घडी पडलेलं. २) कुरडया एक डबा. लाच नाई, गच्चीवर जास्त वाळल्या म्हणून.

पडताळणीचा शेरा: करंगळी तपासली. आजी खरी हाये. वाघाची गोष्ट चालू ठेवाची, पण खोटी हाये हे आधी सांगाचं. — आकांक्षा, इयत्ता तिसरी