बर्फाचं उदाहरण

तीर्थरूप केसर आत्येस,

मृणालचा नमस्कार. (समोर असते तर वाकले असते, पत्रात वाकल्याचं फक्त कळवता येतं.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? धक्क्याच्या पायऱ्या उतरताना अजून बाजूच्या दोराला धरतेस का? वाळत घातलेल्या बोंबलांना या आठवड्यात ऊन मिळालं असेल, असं धरून चालते. मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं.

पत्राचं कारण रविवारचा प्रकार. त्यानंतर तू माझा फोन घेत नाहीस. झालं ते क्रमाने लिहिते, कारण गावात त्याच्या किमान तीन आवृत्त्या फिरत आहेत आणि एकीत मी विनेशला शिवी दिली आहे.

मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांसाठी तोंडाच्या तपासणीचं शिबिर होतं. आधी वीस मिनिटं मी बोलायचं आणि मग माझी मैत्रीण डॉक्टर रचना टॉर्च लावून एकेकीचं तोंड बघणार, असं ठरलं होतं. मी प्रयोगशाळेत जे करते तेच सोपं करून सांगत होते. गालाच्या आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. मिश्रीच्या तंबाखूने ते रोज थोडं दुखावतं. दुखावलं की तिथे वाढ-घटक सुटतात, म्हणजे वाढीचा निरोप नेणारे रेणू. पेशीच्या अंगावर हा निरोप स्वीकारणारं एक प्रथिन असतं. घटक त्याला चिकटला की आत हुकूम जातो: एकाच्या दोन व्हा, जखम भरा. जखम भरली की निरोप थांबतो. कर्करोगात तो थांबत नाही. इथवर सगळ्या ऐकत होत्या, म्हणजे गप्प होत्या. मग मला उदाहरण सुचलं.

तांडेल होडीवरून फोन करतो, धक्क्यावर बर्फ फोडायचं मशीन सुरू होतं, होडीचा खण भरला की तांडेल 'बस' म्हणतो आणि मशीन बंद होतं. तांडेलाचा फोन म्हणजे वाढ-घटक, फोन उचलणारा म्हणजे ते प्रथिन, मशीन म्हणजे पेशी. आता समजा, होडी नाही, फोन नाही, आणि तरी मशीन बर्फ फोडतच राहिलं, तर? हॉलमधल्या एकूण एक बायकांनी मागे वळून विनेशकडे बघितलं. (तो बर्फाचं मशीन चालवतो हे मला माहीत होतं. तो त्या दिवशी हॉलचा पंखा दुरुस्त करायला आला आहे, हे माहीत नव्हतं. ऑगस्टमध्ये वादळाच्या इशाऱ्याने एकही होडी निघणार नव्हती त्या दिवशी त्याने आठ टन बर्फ फोडला आणि तो सगळा वितळून समुद्रात गेला, हेही माहीत नव्हतं. आपल्या घरी महत्त्वाचं असतं तेवढंच फोनवर सांगत नाहीत.)

"फोन आलता!" विनेश स्टुलावरूनच ओरडला. "मना फोन आलता. ह्या कानानं ऐकलाय."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. काही गाठींत निरोप स्वीकारणारं प्रथिन ठीकच असतं, मी सांगितलं. पेशी स्वतःच वाढ-घटक तयार करून सोडते आणि स्वतःच तो ऐकते.

"म्हंजी ह्यानं सोताच सोताला फोन केला गो!" तुझ्या शेजारची नीराबाई म्हणाली.

(इतकं नेमकं मला प्रयोगशाळेतल्या पाच वर्षांत सुचलेलं नाही.)

हशा पिकला. विनेशने चिडून सांगून टाकलं की फोन केसरच्या होडीवरून आला होता. तू उठलीस. "माज्या होडीचं नाव घेतलंस तर तुज्याच बरफात पुरीन तुला!" हे तुझं वाक्य, पुढची लिहिण्याजोगी नाहीत. विनेशचा फोन मशीनपाशी चार्जिंगला होता, त्यातली नोंद बघायला अख्खा हॉल धक्क्यावर गेला आणि परत आला नाही. रचना दोन तास टॉर्च घेऊन बसली. एकच तोंड तपासलं, माझं. दोन दाढा भरायच्या आहेत.

विनेशला मी कर्करोग म्हटलेलं नाही, असं त्याला लेखी दिलं आहे. सहीखाली शिक्का का नाही, असं तो विचारत होता. तुझ्या होडीचं नाव माझ्यामुळे चारचौघांत निघालं, त्याबद्दल तुझी मनापासून क्षमा मागते.

तुझी भाची,
मृणाल

ता. क. क्षमा खरी आहे, पण तिच्यासाठी एवढं लिहिलं नसतं. तू नेहमी तोंडाला पदर लावून हसतेस. रविवारी ओरडताना पदर सुटला आणि मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते. डाव्या गालाच्या आत, जिथे मिश्री धरतेस तिथे, पांढरा चट्टा आहे, मध्ये लाल. अंगठ्याच्या नखाएवढा. तो कर्करोग आहे असं मी म्हणत नाही. नाही असंही म्हणत नाही. तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणालाच ते म्हणता येत नाही. मंगळवारी साडेदहाला रचनाने वेळ ठेवली आहे. सोमवारी मी गाडी घेऊन येते. फोन घेऊ नकोस हवं तर, दार उघड.

आणखी एक. तीन महिने तू कालवणात तिखट घालत नाहीस, असं नीराबाईने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. मी खोदून विचारलं होतं.

शेवटचं. दहा दिवसांची रजा टाकली आहे. कारणाच्या रकान्यात 'घरात आजारपण' लिहायला गेले, पण तपासणीआधी तसं लिहिणं चूक ठरेल. म्हणून 'घरात लग्न' लिहिलं. अर्जात आजवर मी खोटं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे साहेबांनी लग्न कोणाचं विचारलं तेव्हा माझी तयारी नव्हती. आठवडाभर डोक्यात एकच नाव आहे, तेच तोंडातून गेलं. त्यांनी तुला शुभेच्छा कळवल्या आहेत.