भिंत ओली ठेवायची असते

३ ऑगस्ट
पोचले! शहरातल्या इंदोऱ्याहून सकाळची एसटी, रामटेकपासून काळीपिवळी, आणि शेवटचे दोन किलोमीटर नत्थूजींच्या सायकलवर माझी ट्रंक, मागे मी पायी. दोन्हीकडे धान. बंधाऱ्याला लागूनच माझी खोली आहे, पूर्वी कालव्याच्या चौकीदाराची होती. चुना नवा आहे. एक खाट, एक टेबल, कोपऱ्यात मोरी आणि तिच्यावर नळ. खिडकीतून नदी दिसते. पहिली नोकरी, पहिली स्वतःची खोली. कुलूप दोनदा लावून पाहिलं, उगाच.

नत्थूजी ढिवर आहेत, नदीतले मासे धरणारे, सत्तरीचे. यमुताई त्यांची बायको, माझं जेवण तिच्याकडे. दुसऱ्यांदा भात नको म्हटला तर म्हणाली, "एवढंसं खाते वं? तुह्याहून माही कोंबडी जास्त खाते."

ही वही आबाजींमुळे. दम्यामुळे आठ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. आजोबांनीच घरी पाटीवर शिकवलं. संध्याकाळी पाटी पुसायच्या आधी त्यांचा एक प्रश्न असायचा : मेघा, आज काय चुकलं? उत्तर लिहिल्याशिवाय पाटी पुसायची नाही. पाटी गेली, सवय राहिली.

आज काय चुकलं : ट्रंक जड होती आणि मी ती एकदाही उचलू लागले नाही.

४ ऑगस्ट
काम नीट समजून घेतलं. हा बंधारा पन्नास वर्षांपूर्वी धानाच्या कालव्यासाठी बांधला. कालवा कधीच गाळाने भरला, पाणी कोणी घेत नाही, भिंत मात्र उभी आहे. तिला पाच मीटरची खाच पाडून नदी मोकळी करायची की नाही, हे बावीस तारखेच्या बैठकीत ठरेल. त्यासाठी मासे खरंच वर जायला येतात, असा पुरावा हवा.

नत्थूजी सांगतात की दर साली या दिवसांत, पावसाने उघडीप दिली की, बोटाएवढ्या काळ्या वाम, सापासारखे लांबट मासे, खालून येतात. वाम समुद्रात जन्मते आणि नदीने उलटी चढत येते. गोदावरीच्या मुखापासून इथवर, वाटेतली मोठी धरणं कशी चुकवते कोण जाणे. ओल्या दगडावर ती सरळ उभी चढते. आमच्या मत्स्य कार्यालयातले रविंद्र सर हे ऐकून हसले होते. म्हातारा फेकतो, म्हणाले, सरकारी पैशाने त्याला मासेमारी मोकळी करून हवी आहे.

म्हणून मी. भिंतीवरून एक तिरकी पन्हाळ सोडली आहे, तिच्यात काथ्याचे दोर अंथरलेले, वरून बारीक धार. खालच्या तोंडातून वाम शिरणार, दोरांना धरून चढणार, वरच्या टबात पडणार. मी मोजून वरच्या पाण्यात सोडणार. नियम एकच : वाट ओलांडून टबात आला तोच मासा मोजणीत धरायचा. तळाशी कितीही दिसोत, ते धरायचे नाहीत. मला असे नियम आवडतात.

८ ऑगस्ट
टब रिकामा. नत्थूजी म्हणतात, घाई नको.

आज सकाळी सात-आठ बायका घागरी घेऊन आल्या आणि भिंतीवरून पाणी ओतू लागल्या, खालच्या अंगाला. विचारलं तर यमुताई म्हणाली, बंधारा झाला तेव्हापासून तिची सासू हे करायची. या आठ दिवसांत भिंत सुकू द्यायची नाही. "लेकरायची वाट ओली ठेवा लागते वं, नाहीतं मधातच चिकटून मरते."

मी त्यांना थांबवलं. भिंतीवरून चढलेली वाम टबात येणार नाही, मोजणी चुकेल, बैठकीत कोणी विश्वास ठेवणार नाही. हे मी नीट, हात जोडून सांगितलं. यमुताईने घागर खाली ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "सरकारले पान्याचंबी भेव लागते काय गा?" सगळ्या हसल्या. पण गेल्या. नत्थूजींनीच त्यांना समजावलं : पोरगी शिकलेली आहे, तिच्या कागदानेच भिंत फुटेल.

आज काय चुकलं : माहीत नाही. काहीतरी चुकलंय असं वाटतं आहे.

११ ऑगस्ट
पाऊस थांबला. कडक ऊन. नत्थूजी आणि यमुताई लेकीकडे उमरेडला गेले, पाच-सहा दिवसांसाठी. जाताना नत्थूजी पन्हाळीपाशी थांबले. म्हणाले, आता येतीन, पोरी, लक्ष ठेवजो.

१२ ऑगस्ट
पन्हाळीत शेवाळ फार झालं होतं. खालच्या तोंडाला फळी लावून दोर घासले. फळीला जाळीचं भोक आहे, पाणी निघून जातं, मासा शिरत नाही. काम संपताना आईचा फोन आला. बोलण्याइतकी रेंज फक्त बंधाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला मिळते, तिकडे गेले. बराच वेळ बोललो. टब : शून्य.

१५ ऑगस्ट
तिन्ही दिवस शून्य. गावातल्या शाळेत झेंडावंदन झालं, मलाही बोलावलं होतं, पेढा मिळाला. वरून पाहिलं, धार नीट वाहते आहे. खाली उतरायला तीस पायऱ्या आहेत, तापलेल्या. उद्या उतरेन.

१६ ऑगस्ट
सगळं लिहायचं असं ठरवून बसले आहे.

फळी तशीच होती. चार दिवस. मी लावली होती आणि मी काढली नाही.

त्या आल्या होत्या. फळीवर, पन्हाळीच्या बाहेरच्या अंगाला, आणि सगळ्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर दोन हातांपर्यंत. सुकून चिकटलेल्या. काळ्या सुताचे तुकडे फेकून मारावेत तशा. सगळ्यांची तोंडं वर. काही एकमेकींच्या अंगावरून चढल्या होत्या आणि तशाच वाळल्या होत्या. पाण्यात एकही जिवंत नव्हती. भिंत ओली असती तर गेल्या असत्या. वाट उघडी असती तर गेल्या असत्या. दोन्ही मीच बंद केलं.

मी मोजल्या नाहीत. मोजता आल्या नाहीत. बादल्या भरभरून भिंतीवर पाणी मारलं, खराट्याने घासलं, त्या खालच्या धारेत वाहून गेल्या. दुपारपर्यंत भिंत स्वच्छ झाली. फळी काढली. मग वर येऊन नोंदवहीत लिहिलं : टब, शून्य.

हे खोटं नाही. वाट ओलांडून आली तीच धरायची. एकही ओलांडून आली नाही.

संध्याकाळी आबाजींचा फोन आला, टोकाला जाऊन घेतला. आज काय चुकलं, त्यांनी हसत विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

१७ ऑगस्ट
नत्थूजी परतले, तडक टबापाशी आले. किती आल्या? मी वही दाखवली. त्यांना वाचता येत नाही, पण शून्य ओळखता येतं. वाकून पन्हाळीतला दोर चाचपला. म्हणाले, असं कधी झालं नाही.

मोरीच्या भिंतीवर एक ओलसर रेघ आहे, जाळीपासून वीतभर वर. गोगलगाय असेल.

१९ ऑगस्ट
रेघा अकरा झाल्या. सगळ्या मोरीच्या जाळीतून निघतात आणि सरळ वर जातात. जिथे नळाचं पाणी उडतं तिथवरच. त्यापुढे भिंत कोरडी आहे.

यमुताईचं जेवण निम्मं परत पाठवते. ती म्हणते, बुढा दिवसभर पाण्यात पाय सोडून बसून राहते.

२० ऑगस्ट
आंघोळ करताना पाहिलं. गोगलगाय नाही.

ती कोरडी होती. चपटी, एका बाजूला सिमेंटचे कण चिकटलेली, डोळा आत गेलेला. मी भिंतीवरून खरवडल्या त्यांतलीच. आणि ती चढत होती. पाण्याचा शिंतोडा पडला की तेवढंच चढायची, मग थांबायची, पुढच्या शिंतोड्याची वाट बघत.

मग तिच्या खाली दुसरी दिसली.

२१ ऑगस्ट
नळ बंद केला. मोरी पुसली, जाळीत चिंध्या कोंबल्या. ओले कपडे बाहेर, बादली बाहेर, माठ बाहेर. उन्हाने खोली खडखडीत केली. कोरडं असलं की त्या थांबतात. मला माहीत आहे. मीच पाहिलं आहे.

२२ ऑगस्ट
बैठक बंधाऱ्यावरच झाली, मांडव घालून. रविंद्र सरांनी वही उघडून शून्यं वाचून दाखवली, एकेक तारीख. लोक हसले. सर म्हणाले, नत्थूजींचा समुद्र रामटेकपर्यंत काही आला नाही.

नत्थूजी उठले. सरांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "पोरी, मी बापाचं सांगितलेलं सांगून राहिलो. मी खोटा नाही. तू तं रोज होती. तू एकदाबी नाही पाह्यल्या?"

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, टबात एकही आली नाही.

शब्द खरे होते. म्हातारा खाली बसला. कोणीतरी मागून म्हणालं, फेकू बुढा. यमुताईने त्यांच्या हाताला धरून त्यांना उठवलं. जाताना ती माझ्यापाशी थांबली नाही. खाच पाडायची नाही असं ठरलं.

खोलीत येऊन मी रडले.

डोळे पुसायला उशीवरून मान उचलली, तर भिंतीवरच्या सगळ्या वामांनी तोंडं माझ्याकडे वळवली होती.

२३ ऑगस्ट
आता मोरीतून नाही, भिंतीतून येतात. चुन्याखालून. खोलीत कुठेही थेंब नाही. ओलं असं एकच काही उरलं आहे —

रडायचं नाही. घाम येऊ द्यायचा नाही. पाणी प्यायचं नाही.

घर सोडून पलीकडच्या टोकाला गेले, उन्हात बसले. बसल्या जागी दगडावर, माझ्या टाचेपासून, रेघ.

२४ ऑगस्ट
सकाळी पलीकडच्या टोकावरून रविंद्र सरांना फोन केला. सगळं सांगितलं. फळी, घागरी, भिंत. पलीकडे त्यांनी कागद चाळले. मग म्हणाले, अहवाल गेला आहे. दुरुस्ती करता येते, पण आकडा लागतो. किती होत्या? अंदाजे चालणार नाही मॅडम. आकडा नसेल तर त्या नव्हत्याच.

किती होत्या. मी मोजल्या नाहीत.

नत्थूजींच्या दाराशी गेले. ते अंथरुणावर, भिंतीकडे तोंड करून. यमुताई उंबऱ्यातच उभी राहिली. मी सांगितलं. तिने सगळं ऐकलं. मग एवढंच म्हणाली, "मले काहून सांगून राहिली? त्यायले सांग ना, जे हसले." आणि दार लावलं.

२५ ऑगस्ट
बरोबर आहे तिचं. आकडा पाहिजे.

मेल्या त्या गेल्या वाहून. पण आल्याच आहेत परत. इथे आहेत. सगळ्या.

भिंतीवर मोजायला घेतल्या. चारशे बारापर्यंत गेले. पण थांबलेल्या मोजता येत नाहीत, एकमेकींवर चढलेल्या असतात, कुठली धरली कुठली नाही — नियम एकच. ओलांडेल तीच.

म्हणजे वाट द्यायला हवी.

नळ सोडला. नळाला पाणी नाही. माठ बाहेर फुटलेला. नदीतून बादली आणून भिंतीवर ओतली, चुन्यात जिरली; त्यांची तोंडं माझ्याकडेच.

२६ ऑगस्ट, सकाळ
नोंदवहीतल्या तारखांच्या शून्यांवर एकेक आडवी रेघ मारली, खालचं दिसेल अशी. शेजारी जागा सोडली आहे.

भिंतीला टेकून बसले आहे. मान मागे. आधी हातावर आल्या, घामावर. मग गळ्याशी. थंड नाहीत. कोरड्या आहेत, कागदासारख्या. हनुवटीशी येऊन थांबल्या.

ओठ मिटले की थांबतात. थांबलेली धरता येत नाही.

लिहिता हात मोकळा आहे. पाच-पाचच्या रेघा मारेन. यमुताई जेवण आणत नाही आता, पण कोणीतरी येईल, ही वही सरांकडे पोचवा. नत्थूजी खरं बोलले होते. त्या आल्या होत्या. फळी मी लावली —

तोंड उघडते.

एक

दोन, तीन. जातात. खरंच वर जातात. मागे नाकातून, डोळ्यामागून, वर कुठेतरी पाणी असल्यासारख्या

चाळीस. श्वास मध्येच घ्यायचा

दोनशे सात. आठ. दिसत नाही नीट. डाव्या डोळ्याच्या आत हलते आहे, ती धरलेलीच, दोनदा धरायची नाही

चारशे बारा झाल्या. भिंत अजून काळीच

सहाशे ऐंशी — एक्क्याऐंशी — चुकता कामा नये — ब्याऐंशी — अजून खाली किती — त्र्याऐंशी — चौऱ्याऐंशी —