कपिलधारची वाट दाखवणारा

आबा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. मीही आता तहसील कचेरीची नोकरी संपवून घरी बसलोय. बसल्या बसल्या तो एक दिवस सारखा आठवतो. बीडच्या माझ्या भाड्याच्या घरात आम्ही कचेरीतले चौघे शुक्रवारी, जुम्म्याच्या सुटीत कपिलधारला जायचा बेत करत होतो. पावसाळा सरत आला होता, डोंगरातली धार भरून पडते आहे असं आमचे वरिष्ठ, पेशकारसाहेब, यांच्या कानावर आलं होतं. बैलांच्या दोन दमण्या ठरल्या, दशम्या माझ्या घरून, सतरंजी साहेबांची. अडलं होतं वाटेपाशी. घाटात बैल चढतील का, आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

तुम्ही त्याच सकाळी माझ्यासाठी नवी घोंगडी खांद्यावर टाकून गावाहून चालत आला होतात आणि दाराशी बसला होतात. सारी हयात त्या डोंगरात मेंढरं राखलेली, तुम्हाला राहवेना. अंगणातले चार खडे उचलून आत आलात आणि साहेबांपुढे मांडलेत. "ह्यो घाट. हितं लई खडी चढण हाय. दोन्ही गाड्या एकदम घालू नगा. एक वर जाऊ द्या, मंग दुसरी." लेकाच्या साहेबाला आपण काही सांगतोय, याचाच तुम्हाला केवढा आनंद झाला होता. साहेबांनी रुमी टोपी सारखी केली आणि मला विचारलं, "हे कोण?"

तुमच्या धोतराला गुडघ्यावर ठिगळ होतं. अंगाला मेंढरांचा वास होता. मी म्हणालो, "आमच्या गावाकडचे धनगर आहेत. वाट दाखवतील उद्या."

तुम्ही खड्यांवरचा हात काढून घेतलात. "व्हय सायब, म्या दावतो वाट," एवढंच बोललात. मंडळी गेल्यावर मी तुमच्याजवळ येऊन पुटपुटलो, "आबा, उद्या तुम्ही नका येऊ."

"कावून? सबूद दिला की म्या," असं म्हणून तुम्ही बैलांना पेंड किती घ्यावी लागेल ते विचारू लागलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काठी घेऊन गाड्यांच्या पुढं चालताय. चढणीला आम्हाला खाली उतरवताय, चाकामागं धोंडा लावताय, खांदा देताय. मी शेरवानी सावरत बाजूला उभा आहे. धबधब्यापाशी सतरंजीवर पंगत बसली, तुम्ही लांब बैलांजवळ बसलात. साहेबांनाच तुमची आठवण झाली. "अरे, त्या म्हाताऱ्यालाही द्या काही." मी दोन दशम्या घेऊन आलो. तुम्ही उठून उभे राहिलात आणि चाकरमाणसं घेतात तशा दोन्ही हात पुढं करून घेतल्यात. खाऊन झाल्यावर म्हणालात, "हितून माझं गाव जवळ हाय, सायब. येतो म्या." या खेपेला 'सायब' म्हणताना तुम्ही माझ्याकडेच बघत होतात.

त्यानंतरही तुम्ही दरसाल बीडला येत राहिलात. पण गल्लीतच थांबून सुनेला हाक मारायचात, "घरात कुणी पाव्हणं न्हाई ना?" ती नाही म्हणाली की मगच उंबरा ओलांडायचात. मी आतून ऐकायचो आणि बाहेर यायचो नाही.

तुम्ही गेल्यावर पेशकारसाहेब भेटायला आले. "वडिलांना कधी पाहण्याचा योग आला नाही," म्हणाले. तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "हो, ते गावीच असायचे."

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, हे मला कळतं. पण आबा, खरं सांगतो, तुम्ही असतात तरी मी ते धाडलं नसतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मग त्या माणसाला कळलं असतं.