इंजिनाचा वेगळा हार

अण्णा, तुमच्या अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन परत गाडीत बसलं. तुम्ही गेल्यावर दुरुस्तीसाठी म्हणून मीच ते बाहेर काढलं होतं, आणि तेव्हापासून आमच्या पोर्चमध्ये गाडी एकीकडे, इंजिन दुसरीकडे असा संसार चालला होता. दसऱ्याला झेंडूचे दोन हार लागायचे, एक गाडीला, एक इंजिनाला. मालवीय नगरातले शेजारी पाहुण्यांना ते दाखवायला आणायचे. यंदा तुमच्या सूनबाईंनी सांगून टाकलं, दसऱ्याला हार एकच येईल. तोवर इंजिन आत गेलं नाही तर दोन्ही भंगारात, आणि त्या जागी तिचा झोपाळा. रागाने म्हणाली असती तर मी निभावून नेलं असतं, पण ती मेथी निवडत अगदी शांतपणे म्हणाली.

मी जन्मभर कारकुनी केली. पाना धरायला शिकलो तो तुमच्या शेजारी उभं राहून. तुम्ही रेल्वेचे फिटर, भुसावळहून बदलून इथे परमुलखात आलेले. क्वार्टरमागच्या शेडमध्ये पहिल्यांदा इंजिन उचलायचं ठरलं, तेव्हा तुम्ही गर्डरला साखळी लावलीत, साखळीला फळी बांधलीत आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आग्रहाने झोक्यावर बसवलंत. आईला वाटलं, काय हौशी नवरा मिळाला. तुमची नजर मात्र वर गर्डरवर. इंजिनापेक्षा जास्त वजन तोलल्याशिवाय तुम्ही इंजिनाला हात लावणार नव्हता. शेवटी आईला म्हणालात, "तूही बस, थोडं कमी पडतंय." त्याचा अर्थ तिला कळल्यानंतर कितीतरी दिवस आपण अळणी आमटी खाल्ली. त्याच दिवशी इंजिन टांगलेलं असताना मी खाली पडलेला बोल्ट उचलायला वाकलो, आणि तुम्ही कॉलर धरून मला मागे ओढलंत. "लटकत्या वजनाखाली वाकायचं नाही. बोल्ट बाजारात मिळतो." एवढंच बोललात, पण कॉलर बराच वेळ सोडली नाहीत.

तर यंदा मी सीतापुऱ्याच्या कारखान्यांकडून वजन उचलायचा चेन ब्लॉक भाड्याने आणला, पोर्चच्या गर्डरला लावला आणि खाली फळी बांधली. वरच्या मजल्यावर तीन मराठी तरुण भाड्याने राहतात, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. त्यांना श्रीखंड-पुरीला बोलावलं आणि फळीवर बसवलं. त्यातला एक हळूच म्हणाला, "काका, मतलब आम्ही वजनं आहोत का?" मी त्याला आणखी पुरी वाढली. पण दिवसभर खुर्चीत बसूनही एकाच्या अंगावर मूठभर मांस नाही, तिघं मिळून इंजिनाला पुरेनात. तेवढ्यात ही बाहेर आली. झोका पाहून तिचा चेहरा असा काही उजळला की खरं कारण मी सांगितलंच नाही. ती त्यांच्या शेजारी बसली. गर्डर कुरकुरला नाही. मी वर पाहिलं.

"वर काय बघताय?" ती म्हणाली. आईची ती सगळी गोष्ट तिने आईच्याच तोंडून ऐकली आहे. तिने स्वतःच वर गर्डरकडे पाहिलं. मग म्हणाली, "झेपलं ना? मग आता आधी झोका द्या. इंजिन नंतर." मी दिला, चांगला वेळ दिला.

मग तुमच्या पद्धतीने सगळं केलं. वीतभर उचललं, थांबलो, साखळी पाहिली, मग पुढे. गिअरबॉक्सची बाजू आधी खाली. हुकूम एकाच्याच तोंडून निघावा हा तुमचा नियम, पण ते तोंड कोणाचं हे तुम्ही सांगून ठेवलं नव्हतंत, त्यामुळे हिचं ठरलं. मध्येच एक बोल्ट घरंगळत खाली गेला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिलो. इंजिन गाडीतल्या बैठकीवर टेकून घट्ट होईपर्यंत कोणी वाकलं नाही.

दसऱ्याला फुलवाल्या भैयाने सवयीने दोनच हार बांधून दिले. एक गाडीला घातला. दुसरा हिने तुमच्या फोटोला घातला, म्हणाली, इंजिन शेवटी यांचंच, इंजिनाचा हार यांनाच. हार ओला आणि चांगला जाड होता. संध्याकाळी फोटो खिळ्यासकट खाली आला. काच शाबूत आहे, पण त्या खिळ्याची चाचणी मी कधी घेतली नव्हती, अण्णा.

सध्या तुम्ही गाडीच्या मागच्या सीटवर आहात, हे पत्रही तिथेच ठेवतोय. नवा खिळा आणून ठेवलाय. मारत मात्र नाहीये, तुमच्या गाडीतच तुम्ही बरे दिसताय.