आतली खोली

धुळे,
६ जुलै २०२४

ती. कोकिळाअक्कास,
धाकट्या अभिमनचा सा. न. वि. वि.

मी माझ्या हाताने काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुला संदर्भ राहील. भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, ज्यात टरफल फुटतं पण दाणा फुटत नाही. केळीचे घड चिखलातून बाहेर काढायची एकचाकी गाडी. मिरची कांडायचं यंत्र, ज्याच्याजवळ उभा असलेला माणूस शिंकत नाही. आमच्या घराचा गोल लोखंडी जिना. तुझी भावजय सुंदरबाई, तिच्या शिवणयंत्राला मोटर. तुझ्या ओट्याचा कठडा, ज्याला धरून तू रोज दूध घ्यायला उतरतेस. यातलं एकही मला कुणी शिकवलं नाही. आणि अशा माणसाला तुझा स्वप्नील फोनवर सांगतो की मामा, जहाजाचं बुकिंग तुम्हाला एकट्याला नाही जमायचं.

पत्र लिहितो आहे कारण फोनवर तुझं कानातलं मशीन शिट्टी मारतं, आणि मी तापलो की तू फोन ठेवतेस. पत्र ठेवलंस तरी मजकूर जागेवर राहतो.

गेल्या दिवाळीत तू म्हणालीस की समुद्र टीव्हीतच पाहिला, आता तोच खरा मानायचा. ते मला लागलं. तेव्हाच ठरवलं की यंदा तुला सत्तरावं लागलं की मी, सुंदरबाई आणि तू, तिघांनी जहाजाने मुंबईहून गोव्याला जाऊन यायचं, तीन रात्री. भाच्याचंच ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे म्हणून आधी त्याला विचारलं. त्याने सांगितले त्र्याण्णव हजार. मग मी कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः गेलो. तिथे तेच जहाज, तीच तारीख, तीच तीन माणसं, चौऱ्याहत्तर हजार चारशे. फरक अठरा हजार सहाशे. सख्ख्या आईच्या तिकिटात. अक्का, गिऱ्हाइकाला कापणारे एजंट मी पाहिले आहेत, पण घरातच सुरी चालवणारा हा पहिला.

वेबसाइटही काही सरळ नव्हती. वर एक घड्याळ उलटं पळत होतं, की एवढ्या मिनिटांत पैसे भरा नाहीतर भाव गेला. आपल्या बाजार समितीच्या लिलावालाही इतकी घाई नसते. दारूचं पॅकेज आधीच टिक करून ठेवलेलं, तेही तिघांना. तुझ्या गळ्यात माळ आहे हे त्यांना ठाऊक नसेल, पण विचारायची पद्धत तरी असावी. मी एकेक टिक काढली. शेवटी खोली निवडायची होती. आतली आणि बाहेरची, दोन्ही सारख्याच मापाच्या, आणि भाव बाहेरचीला जास्त. मला हसूच आलं. आपल्याकडे बाहेर कोण झोपतो? राखणदार. घरच्या बायामाणसांना खाऱ्या वाऱ्यात ओट्यावर झोपवायचं आणि वर त्याचे पैसे द्यायचे? मी आतली घेतली. चांगली मध्यावरची.

परवा शिंदखेड्याला पंडितच्या मुलीच्या साखरपुड्यात विषय निघाला, तेव्हा पंगतीत मी हे सगळं आकड्यानिशी सांगितलं. लोकांना कळायला हवं की थेट बुकिंग केलं तर काय वाचतं आणि एजंट काय खातो. स्वप्नील समोरच वाढत होता. एक शब्द बोलला नाही. बोलायला असतं तर बोलला असता.

तू वीस नोव्हेंबर मोकळी ठेव. राग आला तर येऊ दे, पण माया त्याच्याखाली दाबली जाणार नाही एवढं बघ.

तुझा,
अभिमन


जळगाव,
१४ जुलै २०२४

चि. अभिमन यास,
कोकिळाअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. वाचता वाचता चष्मा तापला. इकडे पाऊस बेताचा आहे, माझे गुडघे नेहमीसारखे. तुझी यादी खरी आहे, फक्त मच्छरदाणीची चौकट विसरलास. ती तू सातवीत असताना केली होतीस आणि भर दुपारी नानांच्या अंगावर पडली होती.

आता ऐक. जहाजात आतली खोली म्हणजे माजघर नव्हे. आतली म्हणजे पोटातली. तिला खिडकी नसते. बाहेरची म्हणजे ओटा नव्हे, तीही चार भिंतींचीच खोली, फक्त तिच्या एका भिंतीला समुद्राकडची मोठी काच असते. तुझे ते अठरा हजार सहाशे म्हणजे ती काच. स्वप्नीलने आईच्या तिकिटात स्वतःचा रुपया धरला नव्हता. एजंटला जे मिळतं ते कंपनी आपल्या पदरचं देते. आतल्या खोलीचा भाव त्याच्याकडेही तुझ्याएवढाच होता. मला त्याने कागद दाखवला.

आणि ती काच मी मागितली होती. मला चार पावलं चालवतं, पण खुर्चीत ताठ बसलं की पाव तासात पाय दगड होतात. वर गच्चीवर निजायच्या खुर्च्या असतात म्हणे, पण त्या जमिनीलगत. त्यात मी बसले तर उठवायला तुझ्या वर्कशॉपमधली चेनपुली आणावी लागेल. म्हणून मी स्वप्नीलला म्हटलं होतं की मला पाय लांब करून, पडल्या पडल्या पाणी दिसावं, बाकी काही नको. आणि हे मामाला सांगू नको, असंही मीच बजावलं होतं. तुला कळलं असतं तर तू मला चारचौघांत उचलून नेलं असतंस. म्हणून तो पोरगा तुझ्या पंगतीत गप्प राहिला. बोलायला होतं त्याच्याकडे, पण आईचा शब्द आडवा होता.

शिंदखेड्याहून तुझं बोलणं तुझ्याआधी जळगावला पोहोचलं. मंदाबाईने मला भाजीबाजारात विचारलं की स्वप्नील माझ्याकडून दर फेरीला किती घेतो. दोन घरांनी त्याच्याकडचं चारधामचं बुकिंग काढून घेतलं. तो मला काही म्हणत नाही. ऑफिसचं शटर मात्र आता उशिरा उघडतो.

माझं नाव त्या तिकिटातून काढ. तू आणि सुंदरबाई जाऊन या. मला टीव्हीतला समुद्र पुरे.

सुंदरबाईला कुरडया पोहोचल्या का ते कळव. तू माझ्या कडेवर वाढलास, म्हणून लोभ करू नको म्हटलं तरी होतोच.

तुझी,
अक्का


धुळे,
२ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

नाव काढणार नाही. काढता येतही नाही, तेही सांगतो.

तुझं पत्र वाचलं त्या दिवसापासून मी कंपनीच्या फोनला चिकटलो आहे. आधी एक दाबा, मग तीन दाबा, मग गाणं. दर वेळी नवा माणूस येतो, मला गोड आवाजात अभिमनजी म्हणतो आणि तुमची अडचण मी समजू शकतो असं सांगतो. पंधरा दिवसांत मला इतक्या जणांनी समजून घेतलं, पण काम एकानेही केलं नाही. काचेच्या खोल्या त्या तारखेला संपल्या. तारीख बदलली तर दंड. नाव काढलं तर तुझे पैसे बुडाले. मी विचारलं, 'आतली' असं लिहिताना कंसात 'खिडकी नाही' एवढे दोन शब्द लिहायला तुमचं काय जात होतं? मुलगी म्हणाली, फोटो होता सर. फोटो होता. पलंगाचा होता. भिंतीचा फोटो काढून त्यात काय नाही हे कुणाला कधी दिसलं आहे?

सुंदरबाईने मला न विचारता स्वप्नीलला फोन केला. तो तिला म्हणाला की थेट केलेल्या बुकिंगला एजंटला हातही लावता येत नाही, कंपनी त्याच्याशी बोलतच नाही, नाहीतर त्याने एव्हाना केलं असतं. हा कुठला न्याय? दुसऱ्याने विकलेली गिरणी मी दुरुस्त करतो. कुणाकडून घेतली म्हणून परत पाठवत नाही.

तुझ्यावरही माझा राग आहे. गुडघ्यांची गोष्ट भावापासून लपवायची आणि ट्रॅव्हल एजंटला सांगायची, मग तो एजंट पोटचा का असेना.

असो. मला चार मापं पाठव: टाचेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत, गुडघ्यापासून कंबरेपर्यंत, कंबरेपासून मानेपर्यंत, आणि तू न कण्हता ज्यावरून उठतेस त्या पलंगाची उंची. शिंप्याच्या टेपने घ्यायची, अंदाजे नको. कशाला ते विचारू नकोस.

कुरडया पोहोचल्या. मापं येईपर्यंत जीव तुझ्याकडेच.

अभिमन


जळगाव,
१२ ऑगस्ट २०२४

चि. अभिमन यास,
अनेक आशीर्वाद.

सोबत राखी आहे. राग वेगळा, राखी वेगळी. सुंदरबाईकडून बांधून घे.

मापं मागच्या पानावर आहेत. ती स्वप्नीलने घेतली. मी त्याला म्हटलं, बघ, मामा माझी तिरडी बांधायला निघाला. तो बऱ्याच दिवसांनी हसला. मग टेप गुंडाळता गुंडाळता थांबला आणि म्हणाला की खाली मी दोन ओळी लिहितो. त्या लिहिल्या आहेत. मी वाचलेल्या नाहीत, पाकीटही तोच चिकटवणार आहे.

मी येते असं अजून म्हटलेलं नाही, हे ध्यानात ठेव. तुझ्या हाताला जखम करून घेऊ नको, वेल्डिंग करताना चष्मा लाव, आणि अक्काची आठवण आली तर फोन न करता जेवून घे.

अक्का

ती. मामांस सा. न.
आपण जे करत असाल ते खोलीच्या दारातून गेलं पाहिजे. मोकळं दार बावीस इंच आहे, कंपनीकडून खात्री केली. चाकांना ब्रेक हवा, डेक ओला असतो. मोटर आणि बॅटरी लावू नये, चढू देणार नाहीत. आजारी माणसाचं साधन म्हणून कंपनीला आधी ईमेल जावा लागतो आणि तो बुकिंग करणाऱ्यानेच करायचा असतो. मजकूर लिहून सोबत ठेवला आहे, आपल्या नावाने पाठवावा. बाकी आपल्याला जमेलच.
स्वप्नील


धुळे,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. स्वप्नील यास,
मामाचे आशीर्वाद.

जहाजावरून आल्यावर चार दिवस आमच्याकडे ठेवून अक्काला काल तुमच्या दारात सोडलं तेव्हा तू पाचोऱ्याला गेला होतास, म्हणून लिहितो. ती तुला समुद्राचं सांगेल. मी बाकीचं सांगतो.

खुर्ची साडेएकवीस इंच भरली. दारातून दोन्ही बाजूंनी बोट फिरेल एवढी जागा उरली. इंची पाइप, वर नवारीचं विणकाम, बैठक तुझ्या घरच्या पलंगाच्या उंचीची, पाठ चार टप्प्यांत मागे जाते आणि तेवढेच पाय वर येतात. मोटर तुझं पत्र येण्याआधी बसवून झाली होती. काढली.

बंदरावर तपासणीला एक साहेब आडवा आला. खुर्ची कुठल्या कंपनीची, असं विचारलं. मी म्हटलं, माझी. कंपनीचं नाव विचारलं. मी म्हटलं, तेही माझंच. त्यावर तो हसला आणि खुर्ची बाजूला ठेवायला सांगितली. अक्का तिथे एका पायावर भार देऊन उभी. माझ्या तोंडाशी काय आलं असेल ते तू ओळखशील, पण तेवढ्यात त्याच्या संगणकात तो ईमेल सापडला. मजकूर तुझा होता, नाव माझं होतं. त्याने सलाम केला तोही मलाच केला, जो मी घेतला.

खोलीचं म्हणशील तर ती खोली नव्हती, ट्रंक होती. दिवा मालवला की डोळे उघडे की मिटलेले ते कळेना. सुंदरबाई दर थोड्या वेळाने उजाडलं का विचारायची, आणि मी काय सांगणार? भिंतीवर समुद्राचं चित्र लावलेलं. पैसे घेऊन एवढा अपमान कुणी करू नये. मी तक्रारवहीत लिहून आलो आहे, पानाच्या दोन्ही बाजूंनी.

पण दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर आम्ही अक्काला लिफ्टने वर नेलं, कठड्याजवळ खुर्ची लावली, ब्रेक ओढला, पाठ तिसऱ्या टप्प्यावर नेली. ती पाय लांब करून पडली. आजूबाजूला पोरं नाचत होती, कर्णे वाजत होते. तिने कानातलं मशीन काढून पदरात बांधलं. मग मान एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला फिरवू लागली. मला वाटलं, पाठ टोचते की काय, म्हणून मी नवार चाचपायला वाकलो. तेव्हा ती म्हणाली, "बठ्ठं पानीच शे रे भाऊ." खरंच, सगळं पाणीच होतं. आणि थोड्या वेळाने ती म्हणाली की काचेतून हे असं वाऱ्यासकट दिसलं नसतं. ते तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. काच हवीच होती. आल्या रात्रीही हवी होती आणि गुडघे दुखत होते त्या पहाटेही हवी होती.

तुझा भाव बरोबर होता, हे मी या पत्रात लिहिणार नाही. पंडितच्या मुलीची हळद सहा डिसेंबरला, शुक्रवारी, शिंदखेड्याला आहे. तीच माणसं, तीच पंगत. जिथे बोललो तिथेच परत घेईन, उभं राहून, आकड्यानिशी. तू वाढायला ये. या वेळी माझ्या समोरून वाढत जा.

मामीने तुझ्यासाठी गोव्याचे काजू घेतले आहेत. बंदरावर माझ्या ठेच्याची बाटली मात्र काढून घेतली, त्याचा हिशेब कंपनीशी वेगळा चालू आहे. मामाचा स्वभाव बदलायचा नाही, तेव्हा तू जीव लावण्यात काटकसर करू नकोस.

तुझा,
अभिमनमामा

ता. क. : एक राहिलं. जहाजावर सुरतेचे एक कापडवाले होते, सोबत त्यांची आई, अक्काच्याच वयाची, चाकाच्या खुर्चीत ताठ बसलेली. ते दोन दिवस आपल्या खुर्चीभोवती फिरत होते. शेवटच्या दिवशी म्हणाले, आईसाठी अशीच एक करून पाठवा, पैसे आत्ता देतो, मध्ये कुणी नको. मी नाही म्हटलं. माझ्याकडून थेट मिळत नाही, जळगावला आमचा एजंट आहे, त्याच्याकडूनच घ्यावी लागेल, असं सांगितलं. त्यांनी एजंटचा नंबर मागितला तर अक्काने पिशवीतून तुझं कार्ड काढलं. मला वाटलं होतं ती देवाचे फोटो घेऊन फिरते. तुला फोन येईल. भाव तू ठरव, आणि तुझं काय ते त्यात धर. मला थेट देत होते बावीस हजार, रोख.